आगीच्या डोक्यावरची फळी

डोळे चुरचुरायला लागलेत. चोळू नका, बोटांनाही काजळी लागलेली आहे. साल १३४१. इंग्लंडच्या आग्नेय टोकाचा केंट परगणा, पेन्सहर्स्ट प्लेस नावाच्या हवेलीतलं नवंकोरं दालन. मालक सर जॉन द पुल्टनी, चार वेळा लंडनचं महापौरपद मिळवलेला धनाढ्य व्यापारी. वर बघा. चेस्टनटच्या लाकडाचं छत साठ फुटांवर आहे. एवढी उंची डामडौलासाठी तर आहेच, पण धुरासाठीही आहे. आग दालनाच्या मधोमध, जमिनीवरच्या अष्टकोनी चौकटीत पेटलेली आहे. तिला पाठ टेकायला भिंत नाही, डोक्यावर धुराडं नाही. धूर उठतो, आढ्याखाली साचतो आणि सवडीने छपराच्या झरोक्यातून बाहेर पडतो.

तुमच्या हातात कुणीतरी पेला दिला आहे. तो ठेवायला जागा शोधताय? मिळणार नाही. आगीच्या चहूबाजूंनी माणसं बसली आहेत, कुत्री लोळताहेत, नोकर त्यांच्यामधून वाट काढताहेत. समोरच्याचा चेहरा तुम्हाला ज्वाळांपलीकडून लालसर दिसतो, त्याला तुमचा. या आगीला पुढची बाजू नाही आणि मागचीही नाही. जिला दर्शनी बाजूच नाही, तिच्यावर मांडणार काय आणि कुठे? पेला फरशीवर ठेवा आणि कुत्र्याकडे लक्ष असू द्या.

विलायती घरात भिंतीतल्या शेकोटीवर फळी असते, घड्याळ, मेणबत्त्या, फोटो, नाताळची शुभेच्छापत्रं मांडायची. तेच मँटलपीस. ते कुणा सुताराला एके दिवशी सुचलं म्हणून आलं नाही. धुराशी चाललेल्या झगड्यातून ते उरलं. तो झगडा बघायचा तर आणखी दीडशे वर्षं मागे, यॉर्कशरमधल्या कॉनिसबरो किल्ल्यावर जायला हवं.

११८०चं दशक. राजा दुसऱ्या हेन्रीचा सावत्र भाऊ हॅमलिन याने बांधलेला उंच, गोल बालेकिल्ला. भिंतीतल्या जिन्याने चढता चढता धाप लागते आणि तुम्ही त्याच्या दालनात येता. इथे मजल्यावर मजले आहेत. आग मधोमध पेटवली तर धूर वरच्या मजल्यात घुसेल, म्हणून ती भिंतीपाशी नेली आहे. पण नुसती भिंतीपाशी नेलेली आग सगळा धूर खोलीतच सोडते. त्यावर गवंड्यांनी काढलेली तोड तुमच्यासमोर आहे. दोन बाजूंना खांब, खांबांवर आडवी शिळा आणि शिळेपासून मागे भिंतीकडे कलत गेलेला दगडी टोप. ती शिळाही एकसंध नाही. बरेच दगड एकमेकांत खाचा पाडून असे अडकवले आहेत की वरचा भार पेलूनही मधला दगड खाली सरकत नाही. जवळ जा, डोकं टोपाखाली घाला. हवेची वरची ओढ केसांना जाणवते. धूर आता तुमच्या डोळ्यांकडे येत नाही.

अंगावर पांघरायच्या झग्याला तिकडे जो शब्द होता, तोच या टोपाला लागला : मँटल. पुढच्या काही शतकांत धुराडं भिंतीच्या जाडीत घेण्याची रीत रुळली, तसा टोप मागे सरकत सरकत भिंतीत गेला. उरली त्याची खालची कड, भिंतीतून वीतभर पुढे आलेली. नाव त्या कडेकडे आलं. सगळ्या चौकटीला जुने कारागीर चिम्नीपीस म्हणत, नुसत्या फळीला मँटलशेल्फ, आणि फळीच्या वर छताकडे चढत जाणाऱ्या आरशाच्या किंवा कोरीव कामाच्या मांडणीला ओव्हरमँटल. मँटलपीस हा शब्द आज फळीसाठीही चालतो आणि चौकटीसाठीही.

पण तुम्ही राजाच्या भावाच्या घरी होतात. गावात ही सोय पोचायला चारशे वर्षं गेली. १५७७ सालच्या एसेक्समधलं रॅडविंटर गाव बघा. इथला पाद्री विल्यम हॅरिसन इंग्लंड देशाचं वर्णन करणारा ग्रंथ लिहितो आहे. गावातली म्हातारी मंडळी त्याला सांगताहेत की आपल्या डोळ्यांदेखत तीन गोष्टी बदलल्या आणि त्यातली एक म्हणजे ही जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. त्यांच्या तरुणपणी एखाद्या गावात दोन-तीन असायची. आता शेतकऱ्याच्या घरीही विटांचं धुराडं चढतंय.

अशाच एका घरात तुम्हाला खांदा द्यायचा आहे. विटांच्या दोन खांबांवर ओकची तुळई चढवायची आहे. हिलाच सुतार मँटल-ट्री म्हणतो. तुळई ओली आहे, जड आहे, चौघांनी मिळून ती बसवली तेव्हा सगळ्यांचे खांदे सोलवटले आहेत. रात्री सगळे गेल्यावर घरधनीण एक बारीक मेणवात पेटवते. ती उजेडासाठी नाही. तुळईच्या लाकडाला ती ज्योत टेकवून धरते, तिरकी, बराच वेळ, हात न हलवता. लाकडावर थेंबाच्या आकाराचा काळा डाग उमटतो. मग शेजारी दुसरा.

असे डाग इंग्लंडभरच्या जुन्या तुळयांवर आढळतात. कुणाच्या तरी हलगर्जीपणाने दिवा लागला असेल, असं बराच काळ समजलं गेलं. अलीकडे अभ्यासकांनी जुन्या लाकडावर ज्योत धरून पाहिली, तेव्हा दिसलं की मुद्दाम कलती धरून चिकाटीने थांबल्याखेरीज तसा डाग उठत नाही. आगीपासून आणि वाईट नजरेपासून घराची राखण व्हावी म्हणून ते उठवलेले, असं आता मानलं जातं. धुराडं वर आभाळाकडे सताड उघडं असतं. दाराला कडी लावता येते, खिडकीला झडप लावता येते, याला काहीच नाही. म्हणून त्याच तुळयांवर कंपासने कोरलेली सहा पाकळ्यांची फुलं सापडतात. म्हणूनच धुराड्याच्या कपारीत जुने, झिजलेले, बहुधा एकेकटे जोडे लपवलेले सापडतात. नॉर्दॅम्प्टनच्या संग्रहालयात अशा लपवलेल्या जोड्यांची नोंदवही आहे आणि तिच्यात दोन हजारांच्या आसपास नोंदी आहेत. शेकोटीच्या सजावटीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण संगमरवरापासून सुरुवात करतात. मी या डागांपासून करेन. त्या बाईने त्या जागेला काहीतरी सोपवलं होतं.

१६६२. दारावर थाप. सरकारी माणूस आत शिरतो, नमस्कार-चमत्कार न करता शेकोट्या मोजू लागतो. राजा दुसऱ्या चार्ल्सला पैसा हवा आहे आणि पार्लमेंटने दर शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला आहे. अर्धा मार्चमध्ये, अर्धा सप्टेंबरमध्ये. तुम्ही दारात उभे, तो तुमच्या बायकोच्या निजायच्या खोलीत जाऊन राखेत पाय खुपसून बघतो. गरिबांना सूट आहे, पण सूट मागायला दाखला लागतो. काहींनी एखादी शेकोटी विटांनी बुजवून टाकली आहे. करापेक्षा लोकांच्या मनात जास्त सलतं ते हे घरात शिरणं. १६८९मध्ये नवे राज्यकर्ते विल्यम आणि मेरी यांनी आल्याआल्या हा कर उठवला, तो लोकांची मनं जिंकायला.

आणि त्याच मेरीच्या महालात तुम्ही पुढच्याच क्षणी उभे आहात. राणी हॉलंडमधून आली आहे आणि चिनी मातीच्या भांड्यांचं तिला वेड आहे. शेकोटीवर, कपाटांवर, थेट छताला भिडेपर्यंत निळीपांढरी भांडी रचलेली आहेत. ही चाल राणीनेच देशात आणली, असं डॅनियल डीफो पुढे लिहील. मागणी एवढी वाढते की चीनमधले कुंभार युरोपसाठी पाच-पाच पात्रांचे संच घडवू लागतात : तीन झाकणाची, दोन उभी निमुळती. मधे एक, दोन्हीकडे दोन-दोन. अर्ध्या जगाला वळसा घालून जहाजातून हे संच शेकोट्यांवर येऊन बसतात. मधोमध सगळ्यात महत्त्वाची वस्तू आणि दोन्ही बाजूंना जोड्या, ही मांडणी तेव्हाची. पुढच्या तीनशे वर्षांत ती मोडली नाही.

अठराव्या शतकातून झटपट जाऊ, कारण त्याची वैभवं पुस्तकांतून पुरेशी छापली गेली आहेत. रोममध्ये १७६९ साली पिरानेसी शेकोट्यांच्या नक्षीचं भलंमोठं पुस्तक काढतो, त्यात इजिप्तच्या मूर्तींनी भरलेल्या चौकटीही आहेत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट अॅडम हा वास्तुकार भिंत, छत, गालिचा आणि शेकोटी एकाच हाताने काढू लागतो. १८१३मध्ये जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ प्रसिद्ध होतं, त्यातला मिस्टर कॉलिन्स आपल्या धनीणबाईंच्या एका दिवाणखान्याचं थोरपण सांगताना नुसत्या चिम्नीपीसचीच किंमत सांगतो : आठशे पौंड. वाचणाऱ्याला तेवढं पुरत होतं.

संगमरवराच्या मागे मात्र थांबायलाच हवं. तुम्ही आता आठ वर्षांचे आहात, कदाचित सहाचे. १७८८च्या कायद्याने आठच्या खालचं पोर धुराड्यात घालायला बंदी आहे, पण तुमचं वय विचारतं कोण? अंगात सदरा नाही, कारण तो अडकतो. समोरच्या बाजूला पांढऱ्याशुभ्र दगडात कोरलेले हार आणि मेंढ्यांची डोकी, आणि तुम्ही त्यांच्या पाठीमागे नऊ इंच बाय चौदा इंचांच्या नळीतून गुडघे आणि कोपरं रेटत वर चढताय. काजळी तोंडात, नाकात, पापण्यांत. गुडघे मिठाच्या पाण्याने घासून निबर केलेले आहेत, तरी सोलतात. एका वळणावर गुडघे छातीशी दुमडले गेले तर ते परत सरळ होणार नाहीत. अनेकांचे झाले नाहीत. १८४० साली एकवीस वर्षांखालच्यांना चढवण्यावर पार्लमेंटने बंदी घातली, ती कागदावर राहिली. १८७५मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न इथल्या रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकला. त्याला सोडवायला भिंत फोडावी लागली, आणि तो वाचला नाही. त्या वर्षीच्या कायद्याने परवाना आणि पोलिसांची देखरेख आणली, तेव्हा कुठे ही प्रथा संपली. कुठल्याही राजवाड्यातली जुनी शेकोटी बघताना मला आधी ती नळी आठवते.

खाली उतरा. १७९६ साल आहे आणि काउंट रम्फर्ड, मूळचा अमेरिकन बेंजामिन थॉम्पसन, लंडनच्या शेकोट्या कमरेत वाकून तपासतो आहे. त्याचं म्हणणं साधं आहे. शेकोटी खोल आणि घसा रुंद, म्हणून घरातली ऊबदार हवा धुराबरोबर वर पळते आणि धूर मात्र खोलीत उलटतो. तो मागची भिंत पुढे आणतो, बाजूच्या भिंती तिरक्या करतो म्हणजे उष्णता खोलीत फेकली जाईल, आणि घसा चार इंचांवर आणतो. दोन-तीन गवंडी आणि थोड्या विटा, एवढ्यात काम होतं. आग लहान झाली, कमी धुरकट झाली, आणि तिच्यावरची फळी जास्त वापरण्याजोगी झाली. जेन ऑस्टिनच्याच ‘नॉर्दँगर अॅबी’मध्ये कॅथरीन भुताखेतांच्या कादंबऱ्या वाचून जुन्या मठात येते, काळीकभिन्न प्रचंड शेकोटी बघायच्या आशेने. तिला दिसते ती रम्फर्ड पद्धतीची आटोपशीर शेकोटी, साध्या संगमरवराची, वर चिनी मातीच्या सुबक वस्तू.

१८५०च्या सुमाराला पहाटे उठा, कारण आता तुम्ही मोलकरीण आहात. राख काढा, जाळी काळ्या शिशाने घासून लख्ख करा, नवा कोळसा रचा, मग फळी पुसा. फळीवरचं एकूण एक सामान उचलून, पुसून, नेमक्या त्याच जागी ठेवायचं आहे. काळ्या दगडाचं घड्याळ मधे, बाजूला काचेची लोलकं लोंबणारे दिवे, कागदाच्या वळकट्यांनी भरलेलं पात्र. त्या वळकट्या आगीतून ज्योत उचलून मेणबत्ती लावायला. फुलं काचेच्या घुमटाखाली, कारण कोळशाची बारीक काजळी सगळ्यावर बसते. आरशाच्या चौकटीत भेटीची कार्डं खोचलेली. मालकीणबाई कुणाकुणाच्या घरी बोलावल्या जातात ते पाहुण्याला विचारावं लागत नाही.

आणि तुमच्या आईच्या झोपडीतही फळी आहे. तिथे स्टॅफर्डशरच्या मातीचे दोन पांढरे कुत्रे बसलेले आहेत, गळ्यात सोनेरी साखळी, एकमेकांकडे तोंडं केलेली. उचलून मागून बघा, पाठ अगदी सपाट आणि बिनरंगाची. हे भिंतीला टेकून फळीवर बसायचे, मागून कुणी बघणारच नव्हतं. साच्यात माती दाबणारे हात बऱ्याचदा लहान मुलांचे असत. मला हे कुत्रे पाच चिनी पात्रांइतकेच मोलाचे वाटतात. राणीच्या महालातली मांडणी मजुराच्या खोलीत आली, आणि मधल्या जागेवर काय ठेवायचं ते आता तुमच्या आईने ठरवलं.

शतक संपताना, बेकर स्ट्रीटच्या त्या प्रसिद्ध खोलीतही नजर टाका. १८९३च्या एका गोष्टीत वॉटसन सांगतो की शेरलॉक होम्स उत्तरं न दिलेली पत्रं लाकडी मँटलपीसच्या मधोमध चाकू खुपसून ठेवतो. लेखकाला होम्सचा स्वभाव दाखवायला आणखी काही सांगावं लागत नाही. त्या जागेशी कसं वागायचं असतं ते तेव्हाच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं.

आता लिंकनशरला चला. इथे एकाच जागी दोनदा उभं राहायचं आहे.

प्रथम १४४०चं दशक. टॅटरशॉल. सपाट, पाणथळ मुलखात लाल विटांचा प्रचंड मनोरा चढतो आहे, शंभर फुटांहून उंच. बांधणारा राल्फ क्रॉमवेल, राजा सहाव्या हेन्रीचा खजिनदार. त्या काळी इंग्लंडात विटा नवलाईच्या आहेत. पण शेकोट्या दगडाच्याच हव्यात, मजल्यागणिक एक, आणि तुम्ही त्यातल्या एकीवर छिन्नी चालवताय. चौकटीवर ढालींच्या रांगा, घराण्याची आणि सोयरिकींची चिन्हं. मधून मधून एक पैशाची थैली, खजिनदाराच्या पदाची खूण. ग्रॉमवेल नावाच्या रोपाच्या फांद्याही, कारण ते नाव धन्याच्या नावाशी जुळतं. सोबत त्याचं फ्रेंच ब्रीद, ‘मला हक्क नाही का?’ अशा अर्थाचं. भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी आगीकडे वळणार, हात शेकणार आणि वर बघणार. क्रॉमवेल हे जाणून आहे. आपण कोण, हे त्याने दारावर नव्हे तर आगीवर कोरून घेतलं.

तो १४५६ साली निपुत्रिक वारला. छत गेलं, मजले गेले. शेकोट्या भिंतींत लटकत राहिल्या, पायाखाली जमीन नसलेल्या.

आता १९११. तुम्ही त्याच मनोऱ्यात उभे आहात आणि भिंतीत भगदाडं आहेत. शेकोट्या उपटून नेल्या आहेत. विटांच्या ताज्या कडा, खाली चुन्याचा चुरा. वास्तू व्यापाऱ्यांच्या हातात गेली आणि सगळ्यात विकाऊ माल आधी निघाला. अमेरिकेतले श्रीमंत नव्या हवेल्यांसाठी युरोपातली जुनी चिम्नीपीसं विकत घेत होते, आणि टॅटरशॉलच्या शेकोट्याही पेट्यांत बांधून समुद्रापार निघाल्या होत्या.

तेव्हा जो माणूस मधे पडला त्याचं नाव मराठी वाचकाच्या मनात वेगळ्याच कारणाने कोरलेलं आहे : लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करणारा, ज्याच्या त्या निर्णयाने देशभर स्वदेशी-बहिष्काराची आग पेटली, तोच हा व्हाइसरॉय. त्याने हिंदुस्थानात १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला होता, त्याआधी पुरातत्त्व खात्याला जॉन मार्शलसारखा प्रमुख दिला होता. त्याचा जन्मच अशा घरातला. डर्बीशरमधलं केडलस्टन, जिथे त्याच रॉबर्ट अॅडमने त्याच्या पूर्वजांसाठी दालनं सजवली होती. कलकत्त्याच्या गव्हर्न्मेंट हाउसचा आराखडाही केडलस्टनवरूनच घेतलेला, म्हणजे व्हाइसरॉय म्हणून तो राहिला तेही आपल्या वडिलोपार्जित घराच्या नकलेत. फाळणीचा हिशोब फाळणीच्या जागी राहू द्या, तो मी कमी करत नाही. पण टॅटरशॉलमध्ये त्याने जे केलं ते मनापासून केलं आणि चांगलं केलं.

त्याने मनोरा विकत घेतला आणि शेकोट्यांचा माग काढायला माणसं लावली. टेम्स नदीच्या मुखाकडच्या टिलबरी बंदरात त्या सापडल्या, जहाजात चढण्याआधी. १९१२ साली त्या गावात परत आल्या. तुम्ही रस्त्याच्या कडेला आहात. गाडीवरचे दगड एकेक मोठा, नंबर घातलेला. विल्यम वेअर नावाचा वास्तुकार भगदाडांची मापं पुन्हा पुन्हा घेतो आहे. ढाली, थैली, रोपटं, ब्रीद, सगळं परत मूळ भिंतीत बसतं. मजले नव्याने घातले जातात, म्हणजे साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या पाहुण्यासारखं त्यांच्यासमोर उभं राहता येईल. पुढच्याच वर्षी, १९१३मध्ये, ब्रिटनने स्मारकांचा नवा कायदा केला आणि मालकाची मर्जी नसली तरी एखादी वास्तू वाचवण्याचे आदेश काढायचा अधिकार सरकारला मिळाला. टॅटरशॉलच्या प्रकरणाने त्या कायद्याला जोर दिला. १९२५ साली कर्झन वारला तेव्हा त्याने मनोरा मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला दिला. आजही त्या चार शेकोट्या तिथे बघता येतात.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं आहे. एका साध्या घरात टपालाने पुठ्ठ्याचं पाकीट येतं. आत काशाची जड तबकडी, बारा सेंटिमीटर व्यासाची : ब्रिटानिया, सिंह आणि तुमच्या मुलाचं नाव. हुद्दा नाही, कारण मेलेल्यांत वरखाली करायचं नाही असं ठरलं होतं. अशा तेरा लाखांहून अधिक तबकड्या वाटल्या गेल्या. लोक तिला मेलेल्याची पेनी म्हणू लागले, आणि त्या शब्दांत किती कडवटपणा होता ते ऐकणाऱ्याला कळायचं. हिंदुस्थानी शिपायांच्या घरीही त्या आल्या. तुमच्या या इंग्रजी घरात ती ठेवायला एकच जागा आहे. तुम्ही घड्याळ बाजूला सरकवता.

१९३७. हातात पेन्सिल घ्या. मास ऑब्झर्व्हेशन ही नवी संस्था निघाली आहे. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज या तिघांची. सामान्य इंग्रज माणूस कसा जगतो, हे त्यालाच लिहायला लावायचं, अशी कल्पना. स्वयंसेवकांना सुरुवातीला दिलेल्या कामांतलं एक तुमच्याकडे आलं आहे. तुमच्या मँटलपीसवर काय काय आहे ते डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहा, मधे काय आहे ते सांगा. मग इतरांच्या घरची तशीच यादी करा आणि ती माणसं म्हातारी की तरुण, खाऊनपिऊन सुखी की नाहीत, तेही कळवा.

राजकारण नाही, धर्म नाही, फळी विचारली. तुम्हाला वाटतं हा पोरखेळ आहे, आणि तुम्ही लिहायला बसता. डावीकडून : पितळी मेणबत्तीदाणी. काड्यापेटी. विजेचं बिल, अजून न भरलेलं. लग्नातला फोटो. मधे घड्याळ, लग्नात मिळालेलं, दहा मिनिटं मागे पडणारं. त्याच्यामागे विम्याच्या पावत्या आणि एक पत्र. पत्र बहिणीचं आहे आणि तुम्ही उत्तर दिलेलं नाही, पण ते खणात टाकायला हात होत नाही. पुढे मुलाने समुद्रकिनाऱ्यावरून आणलेला शिंपला. जोडीतली दुसरी मेणबत्तीदाणी. यादी संपवून तुम्ही वाचता, आणि तुमच्या लक्षात येतं की घरातल्या प्रत्येकाची एकेक वस्तू तिथे आहे. मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे जाता. तिथे मधे घड्याळ नाही. तिथे ती तबकडी आहे. तुम्ही लिहिता, आणि त्यांनी विचारलं तर काय सांगायचं याची जुळवाजुळव करता. त्या विचारत नाहीत. त्या तुम्हाला एकेक वस्तू उचलून दाखवू लागतात, आणि चहा गार होतो.

अशा याद्या ससेक्स विद्यापीठाच्या संग्रहात जपलेल्या आहेत. एखाद्या समाजाबद्दल इतका साधा प्रश्न विचारून इतकं मिळालेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

मग आग विझते. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकं बसलं आणि हजारो माणसं गेली. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्याने शहरांत धूरमुक्त विभाग आले. उघडा कोळसा मागे पडला, गॅस आला, पुढे नळांतून फिरणाऱ्या गरम पाण्याचे रेडिएटर आले. तुम्ही स्वतःच एका रविवारी शेकोटीच्या तोंडाला हार्डबोर्ड ठोकला आणि त्याला भिंतीचा रंग दिला. फळी ठेवली. काढून टाकायचं कुणी सुचवलंच नाही.

१९८३मध्ये मास ऑब्झर्व्हेशनच्या संग्रहाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. तोवर तुम्ही नव्या वसाहतीत राहायला आला आहात. या घराला धुराडं नाही, त्यामुळे शेकोटीही नाही. एका शनिवारी दोन माणसं गाडीतून लाकडाची तयार चौकट उतरवतात : दोन खांब, कपाळपट्टी, वर फळी. बायको भिंत दाखवते, दारासमोरची, आत येणाऱ्याला आधी दिसेल ती. चार स्क्रू बसतात. चौकटीत ठेवायची विजेची शेगडी पुढच्या आठवड्यात येणार आहे. माणसं पावतीवर सही घेताहेत, तोच आतून मुलगी फोटो घेऊन येते, सासूबाई घड्याळ मागवतात, आणि मधे काय राहणार यावर तिघींचं बोलणं सुरू होतं.